केसभर ताण

पुस्तकातल्या ‘लवचीक’ या शब्दावर विसंबून मी प्रयोगशाळेतल्या सहाही पाणकिड्यांचे स्नायू ताणून तोडले. सर शांतपणे म्हणाले, "शनिवारपर्यंत नवे किडे आण, नाहीतर दुसरा विषय शोध."

म्हणून मी, प्राणिशास्त्राचा हुशार विद्यार्थी, कळंबच्या एका बांधावर उभा होतो. समोर एक म्हातारा शेतकरी मासे धरायची टोपली विणत बसला होता. बांबूची प्रत्येक कामटी तो आधी अंगठ्यानं केसभर वाकवून सोडायचा. ती ताठ उभी राहिली, की स्वतःशीच मान हलवायचा. शेजारच्या मडक्यात, माशांबरोबर सापडलेले बोटभर लांबीचे पाणकिडे होते. मी ते मागितले.

"कशाला पायजेत?"

मला कोणी विचारलं की मी थांबत नाही. "काका, आधीचे सहा मी ताणून बघताना तुटले, म्हणून सरांनी नवे आणायला पाठवलंय. याचा उडायचा स्नायू स्वस्थ असतानाही ताठ असतो. आतले लवचीक प्रथिनांचे धागे त्याला धरून ठेवतात. म्हणून जरासा ताण पडला तरी तो लगेच उलटा ओढतो, आणि पंख भराभर चालतात."

"म्हंजी या कामटीवानी." त्यानं एक वाकवून दाखवली. माझा तीन महिन्यांचा अभ्यास त्या कामटीत मावला. "मंग तुमी किती ताणलात?"

"दुप्पट."

विणणारे हात थांबले. त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत नीट पाहिलं आणि एक किडा माझ्या डब्यात टाकला.

"एकच?"

"एकच. ह्यो बी तुटला तर मास्तरांना सांगा, किडं लई झालं, आता मानूस बदला."