भटूदादाचे रिव्हॉल्व्हर

लढाईच्या तिसऱ्या वर्षी रजा संपवून मी लोणखेड्याहून निघालो, तेव्हा भटूदादाच्या आईने माझ्या ट्रंकेत सरकी काढलेल्या कापसाची पुरचुंडी कोंबली.

"घरना कापूस शे. भटूनी बंदूक पुसाले कामे ई."

भटूदादा आमच्याच गावचा, पलटणीत जमादार, म्हणजे देशी अधिकारी. मी आरमोरर नायक, हत्यारे दुरुस्त करणारा. चारचौघांत तो साहेब, एरवी दादा.

ब्रह्मदेशात आमच्या हत्यारे पुसायच्या फलालीनच्या पट्ट्या संपल्या. हत्यार सुट्या कापसाने पुसू नये, हा सरकारी नियम मला पाठ होता, पण गावचा कापूस म्हटल्यावर माझी अक्कल चरायला गेली. दादाचे रिव्हॉल्व्हर मी त्याच कापसाने पुसले, तेल दिले आणि परत केले.

दोन दिवसांनी, सकाळी पाच वीसला तो रिव्हॉल्व्हर घेऊन माझ्या तंबूत आला. "चक्री फिरस नही. सहाले पेट्रोल निंघस." पेट्रोल म्हणजे गस्तीची तुकडी, दादाच्या हाताखालची.

"दुसरं ली जाय, दादा."

"दुसरं शे का?"

"नही."

"मग हाईच कर."

गोळ्या काढल्या. गोळ्यांची चक्री भिंगरीसारखी फिरली. गोळ्या भरल्या, अडकली. गोळ्या बदलल्या, तरी अडकली. घोड्याची स्प्रिंग पाहिली, ठीक. पावणेसहा झाले. मी हट्टाला पेटलो होतो. रिकामी फिरते आणि भरली की अडते, म्हणजे गोळ्यांची बुडे मागे घासत असणार. एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे काडतुसे बाहेर ढकलणारी चांदणी, वर उचलून खाली पाहिले. तेलात भिजून थापला गेलेला कापसाचा तंतू. चांदणी तेवढ्यानेच वर राहिली होती.

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. बांबूच्या काडीने तंतू कोरून काढला, चिंधीने पुसले, सहा गोळ्या भरल्या. चक्री फिरली. पाच बावन्न.

दादाने तो तंतू बोटावर घेतला आणि हसला. "मायले सांगू नको."

आठ दहाला वायरलेस बोलला. "पेट्रोलवर फायर. दोन जखमी. जमादारसाहेब कव्हर देत आहेत." मग बराच वेळ खरखर.

जखमी दोघे परत आले. दादाला झोळीतून आणले, चेहरा झाकून.

रिव्हॉल्व्हर माझ्याकडेच जमा झाले. उघडले. सहा रिकामी काडतुसे. सहाही बुडांवर घोड्याचा ठसा स्वच्छ उमटला होता. आरमोररने रडू नये असा काही नियम नाही. मी रडलो.

लढाई संपल्यावर शहाद्याहून बैलगाडीने गावी पोहोचलो. आधी दादाच्या घरी गेलो. माय ओट्यावर कापूस निवडत होती. तिने मला जवळ बसवून घेतले आणि विचारले, "मन्हा कापूस कामे उना का रे?"

"हा व, माय. उना."

तिने मान हलवली आणि पुढची मूठ निवडायला घेतली. मीही तिच्याशेजारी बसून अंधार पडेपर्यंत कापूस निवडला. एकेक तंतू बघून.