मोसंबीची बाग आणि बैलाचा नियम

वीज गेली की घरातले लोक आधी मेणबत्ती शोधत नाहीत, मला शोधतात. मला गप्प बसवलं की मग मेणबत्ती. बायको म्हणते, "पंखा बंद झालाय, राज्य न्हाई बुडालं." तिचं बराबर आहे. पण माझं राज्य एकदा विजेनंच बुडालेलं आहे, आणि त्या बुडण्याचा अंदाज काढायला आलेला माणूस 'नुकसान नाही' असं ठरवून निघून गेला होता.

बहात्तरचा दुष्काळ मागे पडला होता, तेव्हाची ही गोष्ट. वडीगोद्रीच्या अलीकडे आमचं शेत. विहीर वडलांची आणि त्यांच्या थोरल्या भावाची, म्हणजे मोठ्या काकांची, सामाईक. चार दिवस पाणी त्यांचं, चार दिवस आमचं. मोटेच्या काळात आजोबांनी नियम घालून दिला होता: ज्याचा बैल त्याच्या पाळीत बसला, त्याची पाळी गेली, भरून मागायची नाही. नियम चांगला होता. त्याच्या धाकानं दोन्ही घरचे बैल नवरदेवासारखे दिसायचे. पुढे मोट गेली, दोघा भावांनी मिळून विजेची मोटार बसवली, थोरलेपणाच्या मानानं मीटर काकांच्या नावावर घेतलं. नियम मात्र तसाच राहिला. बैलाचा नियम विजेला लावण्यात काही चुकतंय, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तर बी.ए.ला बसलो होतो. बसूनच राहिलो, हा भाग वेगळा.

कॉलेज अर्ध्यात सोडून गावी आलो आणि मोसंबीची कलमं लावली. वडील ज्वारीचा आग्रह धरून होते. मी म्हणालो, "हा एक तुकडा माझ्याकडं द्या. बाग जगली न्हाई तर तुम्ही म्हणाल ते पेरीन, आणि शेतीच्या बाबतीत पुन्हा तोंड उघडणार न्हाई." हे दुसरं आमिष ऐकून वडलांनी लगेच होकार दिला.

झाडं छातीला लागली. आणि त्या चैत्रात, आमच्या पाळीच्या पहिल्याच सकाळी वीज गेली. ट्रान्सफॉर्मर जळाला होता. वीज आली ती आमचे चार दिवस संपल्यावर. काकांच्या उसाला पाणीच पाणी, आमच्या वाट्याचं विहिरीत साठलेलंसुद्धा. पुढच्या पाळीला पुन्हा तेच.

मी वडलांना घेऊन काकांकडं गेलो. "काका, एक दिवस द्या. झाडं मान टाकून राह्यली."

"तुझ्या पाळीत वीज गेली, त्याला मी काय करू?"

"वीज काय माझ्या गोठ्यातली हाय?"

"माझ्या तरी कुठं हाय? नियम तुझ्या आज्यानं घातला. त्याला जाऊन विचार."

आजोबांना जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती. मी वडलांकडं पाहिलं. ते जमिनीकडं पाहत म्हणाले, "दादा म्हणतेत ते बराबर हाय."

आम्ही निघालो तसे काका म्हणाले, "घागरीनं शेंद की. मी नको म्हणून राह्यलो का?"

मग शेंदायला लागलो. विहीर खोल आणि मी उथळ. चार झाडांना पाणी घालेपर्यंत पहिलं झाड पुन्हा सुकलेलं असायचं.

अशात विजेच्या ऑफिसातून एक तरुण साहेब आला. वीज गेल्यानं ग्राहकांचं किती नुकसान होतं, याचा अंदाज त्याला काढायचा होता. काकांनी त्याला बाजेवर बसवलं. मी खांद्यावर घागर घेऊन तिथंच उभा.

"ग्राहक कोण?"

"मी," काका म्हणाले.

"पीक?"

"ऊस."

"वीज गेल्यानं उसाचं किती नुकसान झालं?"

काकांनी खरोखर विचार केला. "न्हाई बुवा. उलट हीर तुडुंब भरल्ती. ऊस झकास हाय."

मी मध्ये पडलो. "साहेब, माझी बाग वाळून राह्यली. चला, दाखवतो."

"मीटर तुमच्या नावावर आहे?"

"न्हाई."

"मग तुम्ही ग्राहक नाही." पोरगा सभ्य होता, समजावून सांगत होता. "आणि पाणी विहिरीतच राहिलं ना? पुढे वापरलं गेलं. एकूणात पाहिलं तर वाया काहीच गेलेलं नाही."

एकूणात. त्या शब्दावरचा माझा राग अजून उतरलेला नाही. एकूणात नावाचं एकही झाड माझ्या बागेत नव्हतं. काका खोटं बोलले असते तर भांडता तरी आलं असतं. ते शब्दन् शब्द खरं बोलले होते. साहेबानं घागरीकडं बघत प्यायला पाणी मागितलं. मी म्हणालो, "काकांच्या पाळीचं हाय, त्यांना विचारा." माझ्या हातून झालेला सूड तेवढाच.

बाग वाळली. पावसाळ्यात तिथं वडलांनी ज्वारी पेरली. मी तोंड उघडलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात वीज गेली ती काकांच्या पाळीत. दोन पाळ्या तशाच गेल्या, ऊस पिवळा पडला. एका सांजेला काका आमच्या ओट्यावर येऊन बसले. वडलांना म्हणाले, "बापू, बैलाचा नियम विजेला कसा काय लावून राह्यलो आपण? वीज काय कुणाच्या गोठ्यातली हाय?"

वडील म्हणाले, "दादा म्हणतेत ते बराबर हाय."

चहा उकळेपर्यंत नियम बदलला. वीज गेली की पाळी थांबेल. आली की तिथून पुढं चालू. आजोबांना कुणी विचारायला गेलं नाही. आई चुलीत मोसंबीची वाळकी खोडं सारत होती. चांगली जळत होती, धूर नव्हता.

काका बशीत फुंकर घालत म्हणाले, "च्या फक्कड झाला."

मी शब्द दिलेला होता, गप्प बसलो. पण तो साहेब त्या वेळी परत आला असता, तर अंदाज तयार होता माझ्याकडं. वीज गेल्यानं किती गेलं? एका बागेचा एक पातेलं चहा झाला, साहेब. आणि तो आधी ग्राहकाला दिला.