कॅसेटच्या दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं

मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या घरी जे काही चालीत असेल ते पाठ करायचं, एवढंच माहीत. स्तोत्रं पाठ, कविता पाठ, पाढे पाठ. अर्थ विचारला की वडील म्हणायचे, "आधी पाठ कर, अर्थ मागून कळेल." बऱ्याच गोष्टींचा मला अजून कळलेला नाही.

ऐंशीच्या दशकात मी शिकागोच्या एका जुनाट, सदा तुडुंब भरलेल्या हॉस्पिटलात रेसिडेन्सी करत होते. नवरा तिकडे मिशिगनमध्ये, नोव्हायला, मोटारींच्या कंपनीत. लग्न झालंय म्हणायचं आणि भेटायचं वीकेंडला, तेही जमलं तर. फोनवर त्याचं ठरलेलं वाक्य, "यार, ह्या वेळी तरी कॅन्सल करू नकोस." आणि मी कॅन्सल करायची. थकवा इतका, की डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या आपल्या लोकांच्या बाजारात भाजी घ्यायला गेले तर भेंड्या निवडता निवडता उभ्या उभ्या डोळा लागायचा. दुकानातल्या काकू म्हणायच्या, "अगं, डॉक्टर ना तू? मग तुझ्याकडे कोण बघतं?" त्यावर हसायचंसुद्धा त्राण नसायचं.

सर्जरीच्या वॉर्डात तेव्हा एक म्हातारी होती. कुठल्याशा बेटावरून तरुणपणी आलेली, स्पॅनिशखेरीज अक्षर न बोलणारी. साखरेच्या आजारानं उजवं पाऊल काळं पडलं होतं. तिची मुलगी कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची. शिफ्ट संपली की तशीच यायची, ब्लाउजवर दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. आमचं इंग्लिश आईला आणि आईचं स्पॅनिश आम्हाला, हे काम तिचं. आईच्या उशाशी तिनं छोटा टेपरेकॉर्डर ठेवला होता आणि त्यात एकच कॅसेट.

त्यातली गायिका त्या वर्षी एकाएकी सगळीकडे गाजायला लागली होती. पूर्वी म्हणे फक्त त्यांच्याच लोकांच्या रेडिओवर लागायची. हा अल्बम निघाला आणि गोऱ्या पोरांच्या गाड्यांतूनही तीच ऐकू यायला लागली. एका बाजूला नाचाची इंग्लिश गाणी, दुसऱ्या बाजूला त्यांच्या भाषेतली. मुलगी मला अभिमानानं सांगायची, "डॉक्टर, ही आमची आहे बरं का." जसं काही हिनंच तिला लहानाची मोठी केली होती. म्हातारी पडल्या पडल्या हाताची बोटं पलंगाच्या कठड्यावर वाजवायची. मी कौतुक केलं, तर मुलीनं दुसऱ्या दिवशी मला कॉपी करून आणून दिली.

आता कॅसेट मिळाल्यावर मी काय करणार? पाठ केली! गाडीतून जातायेता, सिग्नलला थांबल्यावर, शब्दन् शब्द. अर्थाचा पत्ता नाही. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं फार संथ होतं, मागे नुसता पियानो, आणि ती बाई अगदी कळवळून गायची. ऐकताक्षणी मी ठरवून टाकलं, हे देवाचं आहे. आपल्याकडे इतक्या संथ चालीत, इतक्या कळवळून दुसरं कोण कुणाला आळवतं?

मग पाय कापायचं ठरलं. आमचे बडे सर्जन पलंगापाशी उभे राहिले आणि घोट्याच्या वर कुठून, का, नाही कापला तर काय, सगळं सविस्तर बोलले. मुलीनं ते ऐकून घेतलं आणि आईला एक एवढंसं वाक्य सांगितलं. म्हातारीनं हसून मान डोलावली. सर्जन म्हणाले, "व्हेरी गुड," आणि पुढच्या पलंगाकडे गेले.

मला काही ते पटेना. पाय जाणार म्हटल्यावर कोण हसतं? मी मुलीला व्हरांड्यात गाठलं. "आईला काय सांगितलंस?"

"जखम साफ करणार म्हणून."

"आणि पाय?"

ती ब्लाउजवरचा दोरा काढायला लागली. मग म्हणाली, "डॉक्टर, ती घाबरून मरेल. उठल्यावर मी समजावीन. तुम्ही काही बोलू नका. तुम्हाला माझी शपथ."

मला अस्सा राग आला! अगं, शुद्धीवर येऊन चादर उचलेल आणि खाली पाय नसेल, ते काय समजावणार आहेस तू? पण रागावू तरी कुठल्या तोंडानं? आमच्याकडेही हेच करतात. आजारी माणसाला सोडून सगळ्या गल्लीला आजाराचं नाव माहीत असतं. सर्जनना सांगितलं, तर ते म्हणाले, "मग दुभाषा बोलाव आणि सकाळी सही घे." दुभाषा! आमच्या हॉस्पिटलात तेव्हा दुभाषा मिळणं म्हणजे नशीबच. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं.

सकाळी राउंडच्या आधी, मुलगी यायच्या आत, मी एकटीच म्हातारीपाशी गेले. माझं स्पॅनिश म्हणजे "दुखतं का", "श्वास घ्या", "जेवलात का". एवढ्यावर कुणाला पाय जाणार हे सांगता येतं? ती माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे. डोकं चालेना, डोळे चुरचुरत होते. मनात आलं, निदान तिला धीर येईल असं काहीतरी करू. देवाचं गाणं येतंय ना, तेच म्हणू. आणि मी चक्क हात जोडले, डोळे मिटले आणि ते शेवटचं गाणं माझ्या घोगऱ्या आवाजात पहिल्यापासून म्हणायला लागले.

म्हातारी आधी थक्क झाली. मग अशी हसत सुटली, की तिला ठसका लागला. शेजारच्या पलंगावर चादर बदलणारी मदतनीस बाईही वळून बघायला लागली. तिला दोन्ही भाषा यायच्या, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

"डॉक्टर, हे काय म्हणताय तुम्ही?" ती म्हणाली.

"प्रार्थना."

"कसली प्रार्थना! त्या बाईला घर सोडायचंय. ती नवऱ्याला सांगतेय, मी चालले, दार अडवू नकोस, आता आपल्यात काही उरलं नाही."

कर्म माझं! धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं मला. हात अजून जोडलेलेच होते. म्हातारी डोळे पुसत हसत होती. आणि हसता हसता तिचं लक्ष माझ्या चेहऱ्याकडे गेलं. मला काही हसू येत नव्हतं. तिनं मदतनीस बाईला काहीतरी विचारलं.

"विचारतात, सकाळी सकाळी तुम्हाला हे गाणं म्हणायला कुणी पाठवलं? कोण चाललंय?"

माझी नजर चादरीखालच्या पायाकडे गेली. म्हातारीचं हसणं हळूहळू ओसरलं. तिनं पायावरची चादर बाजूला केली, काळ्या पावलाकडे बोट दाखवलं आणि माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. हा?

मी मान हलवली. हो.

तिनं चादर पुन्हा पावलावर ओढली. मग मदतनीस बाईला शेजारी बसवून घेतलं आणि एकेक विचारायला लागली. कुठून कापणार? नंतर स्वयंपाकघरात उभं राहता येईल का? नाही कापला तर किती दिवस? मी काही लपवलं नाही. सर्जन आले, तेव्हा तिनं पुन्हा त्यांच्या तोंडून सगळं ऐकलं आणि स्वतःच्या हातानं सही केली. मग माझा कोट धरून मला खाली ओढलं.

मदतनीस बाई म्हणाली, "मुलीला सांगू नका म्हणतात. त्यांना कळलंय हे तिला कळता कामा नये. बिचारी आधीच रडून रडून अर्धी झालीय म्हणतात. तिला वाटू दे, आईला काही ठाऊक नाही."

मी डोक्याला हात लावला. हे तर आमच्याही वरताण!

दुपारी स्ट्रेचर निघालं. मुलगी बरोबर चालत आईला परत परत तेच सांगत होती, जखम साफ करणार, बस. आणि म्हातारी "हो गं, हो" करत लेकीचा गाल कुरवाळत होती. माझ्याकडे तिनं एकदासुद्धा पाहिलं नाही. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती चांगली शुद्धीवर आली, तेव्हा मी ड्रेसिंग बघायला तिथेच होते. मुलगी पलंगाशी गुडघे टेकून हुंदके देत आईला सांगत होती. भाषा कळायची गरज नव्हती. म्हातारीनं चादरीच्या सपाट भागाकडे पाहिलं, तोंडावर हात नेला, देवाचं नाव घेतलं, आणि मग लेकीचं डोकं छातीशी धरून तिला थोपटत बसली. मला खरं माहीत होतं, तरी क्षणभर माझाही विश्वास बसला. इतकं बेमालूम! थोड्या वेळानं मुलगी सावरली, हसलीसुद्धा, आणि आईनं आग्रह केला म्हणून खाली कँटीनमध्ये काहीतरी खायला गेली.

तिची पावलं लिफ्टपर्यंत पोचली. लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला. मग म्हातारीनं तोंड भिंतीकडे केलं, चादरीचा बोळा दातात धरला आणि ती रडली. आवाज अजिबात नाही, नुसती गदागदा हलत होती. माझा पेजर वाजायला लागला. तिनं न वळताच हात मागे केला, आणि मी तो धरून तिची मुलगी परत येईपर्यंत बसून राहिले.