टाकी आंबट झाली तेव्हा

तिला सगळे भिंगरी म्हणत. ती पाच मिनिटं एका जागी बसलेली कुणी पाहिली नव्हती.

भाजीबाजाराच्या मागे बायोगॅसची टाकी होती, ती हिच्या ताब्यात. बाजारातला सडका पाला, साली, नासकी फळं गोळा करायची, यंत्रात बारीक करून हौदात पाण्याबरोबर कालवायची आणि टाकीत सोडायची. आत ते कुजून गॅस होई आणि नळीने शेजारच्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात जाई. दीडशे रोग्यांचं जेवण त्यावर शिजे. सहा वर्षांत एकदाही खंड पडला नव्हता.

एका सोमवारी इस्पितळाचा आचारी तणतणत आला. "बाई, शेगडी नुसती फुरफुरतेय. पातेलं उकळायला दोन तास लागले. रोग्यांना काय हवा खायला घालू?"

भिंगरीने वर पाहिलं. टाकीवरचा गॅसचा रबरी फुगा एरवी टम्म असायचा, तो सुरकुतून खाली बसला होता. तिने आंबटपणा तपासायची पट्टी टाकीतल्या पाण्यात बुडवली. पट्टी लाल झाली. टाकी आंबली होती.

तिने टाकी बांधणाऱ्या इंजिनिअरला फोन लावला. "आतले जिवाणू मरतायत," तो म्हणाला. "कचरा घालणं बंद कर. आणि काय विष गेलंय पोटात, ते शोध."

झालं, भिंगरीच्या डोक्याला भुंगा लागला. बाजारातली पाटी न् पाटी तिने उपसून पाहिली. घरी ताटावर बसली तरी लक्ष दाराकडे. नवरा म्हणाला, "अगं, दोन घास तरी नीट खा. टाकी काही पळून जात नाही." मंगळवारी तर ती रसवाल्यावरच घसरली. "लिंबाच्या साली तूच मिसळतोस ना?"

रसवाला गोरामोरा झाला. "सहा वर्षं साली वेगळ्या काढून ठेवतो, आणि मीच चोर?"

गुरुवारी तिला घरात राहवेना. आठऐवजी सहालाच ती टाकीवर पोचली. हौदाशी कुणीतरी वाकलं होतं. तिच्या सासूबाई! त्या बाजारात पालेभाजी विकत. हातात फिनाईलची बाटली होती.

"आई! हे काय करताय?"

सासूबाई दचकल्या. "वासासाठी गं. महिना झाला, रोज थोडं ओतते. गल्लीतल्या बायका तुला घाणवाली म्हणतात, माझ्या तोंडावर. म्हटलं, वास गेला की त्यांची तोंडं बंद होतील."

"जंतू मारायचं औषध आहे ते! टाकी जंतूंवरच चालते. मला विचारायचं तरी!"

"तू थांबतेस कुठे विचारायला?"

सासूबाईंनी बाटली खाली ठेवली आणि पदराने डोळे टिपले.

मग दोघींनी मिळून हौद घासला. टाकीतलं बरंचसं पाणी उपसलं. जवळच्या गोठ्यातून ताजं शेण आणून कालवलं, म्हणजे जिवंत जिवाणू पुन्हा आत जातील. सासूबाई वाकलेल्या कंबरेने बादल्या वाहत होत्या, थांबा म्हटलं तरी ऐकेनात. भिंगरीने रसवाल्याची माफी मागितली. तो तोंड फिरवून पुन्हा साली वेगळ्या काढायला लागला.

तोवर इस्पितळात सिलिंडर आले. भिंगरी दिवसातून सात वेळा पट्टी बुडवी. बाराव्या दिवशी फुगा जरा उचलला. ती धावत स्वयंपाकघरात गेली, काडी ओढली. ज्योत धरली नाही. नुसती फुस्स.

"कच्चा गॅस आहे, जळायचा नाही अजून," इंजिनिअर फोनवर म्हणाला. "धीर धर."

"धीर कुठे मिळतो ते सांगा, घेऊन येते."

सोळाव्या दिवशी शेगडीवर निळी ज्योत उभी राहिली आणि टिकली. आचाऱ्याने मोठं पातेलं चढवलं. सासूबाई घाणवाली म्हणणाऱ्या दोघींना हात धरून घेऊन आल्या आणि त्यांना शेगडीपुढे उभं केलं. "बघा, कशावर शिजतंय ते." त्यातली एक वाकून ज्योत बघत म्हणाली, "आमच्या घरच्या साली चालतील का?"

चालतात. आता कचरा वाढलाय, आणि भिंगरीची धाकधूकही. रोज पहिली पाटी हौदात उपडी करण्याआधी ती वाकून वास घेते. मग सासूबाई घेतात.