फुकटचा बूस्टर

अकोल्याच्या एका टीव्हीवाल्या दुकानदाराने मला फसवले. त्याने खोटी वस्तू दिली नाही, भावही जास्त लावला नाही. मी मागितलेली वस्तू त्याने मला फुकट दिली, आणि तिने काय होईल हे ठाऊक असून तोंड बंद ठेवले. हे आधीच सांगून टाकते, कारण आजवर ज्याला ज्याला ही हकिगत सांगितली त्याने शेवटी हसून माझ्याकडेच बोट दाखवले.

मी भाजी विकते. पातूरहून पहिल्या बसने पालक-मेथीचे गठ्ठे आणून रस्त्यावर पोते अंथरण्यापासून सुरुवात केली. आज जुन्या शहरात माझे दुकान आहे आणि दुकानावर घर आहे. ते कोणी आंदण दिलेले नाही. त्यामुळे माणूस गोड बोलू लागला की मी आधी त्याच्या टोपलीचा तळ पाहते. वरची वांगी सगळ्यांचीच चकचकीत असतात.

माझे वडील पातूरला मळ्यात एकटे राहायचे. मागच्या हिवाळ्यात पाणी द्यायला गेले आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, घसरले. गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला. डॉक्टर म्हणाले, यांना आता एकटे ठेवू नका. धाकटा भाऊ अमरावतीला नोकरी करतो. त्याला सुट्टी मिळायला चार दिवस होते. मी त्याच दिवशी गाडी करून बाबांना घरी घेऊन आले.

आले खरे, पण त्यांचा जीव लागेना. आमच्याकडे जुन्या माणसांचे एक असते, लेकीच्या घरी मुक्काम ठोकायचा नाही. बाबा म्हणायचे, "लेकीच्या घरी पाणी प्यावं अन् निंगावं." मी म्हणायची, "लेकीनं तुमच्या मळ्यातला भाजीपाला विकला तवा लेक कोनाची होती?" यावर ते मान डोलवत. मात्र पिशवी त्यांनी कधी सोडली नाही. धोतर वाळले की पुन्हा घडी करून पिशवीत. पाहुण्यासारखे.

एके दिवशी त्यांनी जायचे कारण शोधून काढले. संध्याकाळच्या मराठी बातम्या आणि शेतीचा कार्यक्रम हवा. माझ्या घरी टीव्ही होता, पण रिचार्ज संपून महिने झाले होते; दुकान बंद करून वर येईपर्यंत पाहायला वेळ कोणाला? मी रिचार्ज करते म्हटले, तर बाबा म्हणाले, "पैसे नाई भरले का बंद पडते, ते आपलं कायचं? भाड्याचं झालं." बिनपैशाची डिशची छत्री लावावी, तर तिला आग्नेयेकडे मोकळे आकाश लागते आणि आमच्या आग्नेयेला शेजाऱ्याची तीन मजली भिंत. राहिला दूरदर्शनचा टॉवर. आमच्या गच्चीवरून टॉवर सरळ दिसतो, मध्ये झाड नाही की इमारत नाही. त्यावरून आता डिजिटल चित्र येते, अँटेना आणि एक डबा घेतला की रिचार्ज नाही, असे समजले. बाबांना सांगितले तर त्यांचे डोळे चमकले. म्हणाले, "मंग पाहू." पातूर सोडल्यापासून 'मंग पाहू' एवढेही ते म्हणाले नव्हते.

त्या टीव्हीवाल्याच्या दुकानात मी अँटेना पाहिला, डबा पाहिला, चालू करून चित्र पाहिले. भाव पाडला. तो पडला तेव्हा मी रिवाजाप्रमाणे म्हटले, "वरून काय देतोस?"

भाजीवालीला हे सांगावे लागत नाही. आमच्याकडे गिऱ्हाईक पावशेर मिरची घेऊनही वरून सांबाराची काडी मागते. बाहेरगावचे लोक त्याला कोथिंबीर म्हणतात. मी आयुष्यभर ती काडी देत आले. मग मी विकत घ्यायला गेले की माझी काडी मी सोडत नाही.

"ताई, यात वरून काय देऊ? सांबार हाये काय माझ्यापाशी?"

काचेच्या कपाटात एक छोटी डबी होती. "ते काय हाये?"

"बूस्टर. सिग्नल वाढवते. लांबच्या खेड्यावाल्यांसाठी असते."

"मंग ते दे."

त्याने माझ्याकडे पाहिले, डबीकडे पाहिले आणि हसला. "घ्या. तुमचंच दुकान हाये." ते हसणे मी आजही विसरले नाही. भावात इतका ओढूनताणून आलेला माणूस एकाएकी इतका उदार झाला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण फुकट मिळाले की शहाण्याचाही हात आधी पुढे जातो.

फिटर मी घेतला नाही. त्याचे वेगळे पैसे कशाला? नवऱ्याने शिडी धरली, मी अँटेना पाइपाला बांधला, तोंड टॉवरकडे केले. तार खाली आणली, मध्ये बूस्टर लावला, मग डबा. बाबा खाटेवरून ओरडत होते, "आलं! ... गेलं! ... आलं!" पहिल्या संध्याकाळी अर्धी बातमी दिसली. मग निवेदिकेचे नाक एकीकडे आणि हनुवटी दुसरीकडे गेली. चौकोन चौकोन झाले, आवाज तुटला, पडदा काळा. जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या, पण मुंग्यांतूनही माणूस ओळखू यायचा. डिजिटलचे तसे नाही. आहे तर लख्ख, नाही तर काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी तसेच. मी आधी शेजाऱ्यावर संशय घेतला, त्याने गच्चीवर नवीन पत्रे टाकले होते. जाऊन भांडून आले. तो म्हणाला, "बाई, टॉवर इकडे, माझे पत्रे तिकडे." ते खरे होते, पण मी तसे कबूल केले नाही. मग वाटले, बाबाच मी दुकानात गेल्यावर तार हलवतात. एकदा पाऊल न वाजवता वर आले. ते काळ्या पडद्यासमोर हात जोडून बसल्यासारखे बसले होते. मला लाज वाटली, पण संशय गेला नाही, तो फक्त भावाकडे वळला. कारण भाऊ रोज फोन करायचा आणि पहिला प्रश्न हाच असायचा, "बाबा, दिसते का तिथं?" त्याला कसे माहीत, की नेमके हेच विचारायचे?

दुकानदाराला फोन केला. त्याने डब्याची सिग्नलची दोन पट्ट्यांची पाटी पडद्यावर आणायला सांगितली; वरची पट्टी सिग्नलच्या जोराची, खालची त्याच्या स्वच्छपणाची. मी वाचून दाखवले, "वरची शंभर. खालची उड्या मारून राहिली."

तो क्षणभर थांबला. हे मी शपथेवर सांगते, तो थांबला. मग म्हणाला, "शंभर हाये न ताई? मंग सिग्नल तं जोरदार हाये. अँटेना लहान पडत असन. मोठा घ्या."

मी मोठा अँटेना आणला. त्याचाही भाव पाडला. तो लावल्यावर अर्धी बातमी दिसायची तीही दिसेना.

रविवारी भाऊ अमरावतीहून आला. काळ्या पडद्याकडे पाहून म्हणाला, "बाई, तू सगळ्या बजाराले शिकवतं अन् तुले एका डब्यानं हरवलं?" बाबा हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, आणि तेही माझ्यावर. मग म्हणाले, "चाल बाप्पा, तुझ्या घरी तरी दिसन." पिशवी भरलेलीच होती. उतरताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि हळूच म्हणाले, "राग नको धरू वं माय. टीव्ही नाई तं दिवस जात नाई." मला कळत होते की टीव्ही हा बहाणा आहे. पण अँटेना आणून हा बहाणा मी त्यांच्या हातून काढून घेतला होता. त्या काळ्या पडद्याने तो परत त्यांच्या हातात दिला.

आठवड्याने एक जुने गिऱ्हाईक मेथी घ्यायला आले. नोकरीभर टॉवरवर काम करून निवृत्त झालेले गृहस्थ. माझे तोंड पाहून म्हणाले, "आज मेथी कडू हाये का तुमी?" मी सगळे सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, "बूस्टर लावला काय?"

"लावला. फुकट घेतला."

ते जुडी खाली ठेवून हसत सुटले. "अवो, टॉवर तुमच्या नाकासमोर हाये. त्याचा आवाज आधीच मोठा. त्याले भोंगा लावल्यावर शब्द कसे समजतीन? शंभर दाखवून राहिला होता ना? तेच तर दुखणं हाये. काढा तो."

वर जाऊन डबी काढली. तार सरळ डब्यात लावली. वरची पट्टी खाली आली, खालची वर चढली आणि थांबली. शेतीच्या कार्यक्रमात कोणीतरी संत्र्याच्या झाडाला आळे करून दाखवत होता. मातीचे ढेकूळन् ढेकूळ दिसत होते. बाबांची खाट रिकामी होती.

मी फोन केला. "बाबा, लख्ख दिसून राहिलं. या."

"इथंही दिसते वं," बाबा म्हणाले. "लेकाच्या घरी दिसते, तर लेकीच्या घरी काहून यावं?"

दुसऱ्या सकाळी दुकान उघडायच्या आधी त्या टीव्हीवाल्याकडे गेले. डबी काउंटरवर आपटली. "टॉवर जवळ असल्यावर हे लावत नाई, तुले माहीत होतं का नाई?"

"ताई, मी देतच नव्हतो. तुमीच म्हणाल्या, वरून दे."

"तू सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं असतं तर तुमी म्हणाल्या असत्या, द्यायचं नाई म्हणून बहाणे करून राहिला."

दुकानातली दोन गिऱ्हाइके हसली. हे मी म्हटलेच असते, हे मला मान्य आहे. मी त्याच्या जागी असते तर मलाही राग आला असता. पण ती पहिल्या दिवसाची गोष्ट झाली. फोनवर मी 'शंभर' म्हटले तो दिवस वेगळा. त्या दिवशी मी काही फुकट मागत नव्हते, मी विचारत होते. त्याने बूस्टर काढा असे सांगितले असते, तर बाबा त्या रविवारी माझ्या घरी बातम्या पाहत असते. त्याऐवजी त्याने अँटेना विकला.

"आठवलं नाई," तो म्हणाला.

मी त्याच्यासमोर बाबांच्या फोन नंबरची चिठ्ठी ठेवली. "मंग हे त्यायले सांग. माझ्या घरात खोट नव्हती, तुझ्या डबीत होती म्हणून सांग."

त्याने चिठ्ठी उचलली नाही. "घरच्या भांडणात मले नका ओढू," म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

रोज मंडीतून येताना त्या दुकानावरून माझा रस्ता आहे. मी रोज थांबते, तो रोज नजर चुकवतो. ज्याला खरेच आठवले नाही तो माणूस नजर का चुकवतो? मी एकच विचारते. मी शंभर म्हटले तेव्हा तू थांबलास, त्या थांबण्यात तुला काय समजले होते? मला सांगू नकोस. अमरावतीला फोन लाव आणि माझ्या बापाला सांग.