लोणारच्या होडीला किती वीज लागते

महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं, आणि आमच्या बुलढाणा जिल्ह्यात होडी म्हणजे कॅलेंडरवरच्या चित्रात पाहायची वस्तू. आमच्याकडे पाणी दिसलं की माणूस त्यात म्हैस सोडतो. अशा मुलखात मुंबईकडचे एक प्राध्यापक ट्रकवर चक्क शिडाची होडी घालून लोणारला आले. सरोवराच्या तळाचं पाणी उपसून त्यातले जीव पाहायचे होते त्यांना. त्या पाण्याचा वास असा की काठावरच्या माश्यासुद्धा नाक दाबून उडतात. त्यात जीव आहेत हे ऐकून मला आधी त्या जिवांचीच कीव आली.

चिखलीला माझं वीजदुरुस्तीचं दुकान होतं. सर तिथं आले आणि म्हणाले, "होडीवर वीज हवी. पंपाची पाव हॉर्सपॉवरची मोटर आणि सूक्ष्मदर्शकाजवळ शंभराचे दोन दिवे. केवढा जनरेटर लागेल?"

मी सरळ माणूस नाही, पण हिशेब सरळ करतो. माझ्याकडे लष्कराच्या मोडीतून आलेला एक किलोवॅटचा पेट्रोलवरचा जनरेटर होता. दोन माणसं उचलतील एवढा. चालू मोटर तीनशे वॅट खाते, दिवे दोनशे. झाले पाचशे. पण मोटरचं बैलासारखं असतं. गाडी चालू लागली की निवांत ओढतो, जागची हलवताना मात्र तिप्पट जोर लावतो. सरांसमोरच करून दाखवलं. दिवे आधी लावले आणि मग मोटर सुरू केली, तर दिवे मिरचीसारखे लाल झाले आणि जनरेटर दोनदा खोकून गप. मोटर आधी आणि दिवे मागून, तर सगळं सुरळीत.

"आधी मोटर, मग दिवे," मी म्हणालो. सरांनी वहीत लिहून घेतलं. एवढ्यावर ही गोष्ट संपायला हवी होती.

पण त्याच आठवड्यात बाबा मेहकरहून आले. त्यांच्या मते दुकान म्हणजे शेती चुकवायचं निमित्त. त्यांनी बजावलं, "हे एक काम करून दाखव. फसलं तर दुकानाले कुलूप, अन् उद्यापासून वखर धर." वखराचा दांडा मला तेव्हाच तळहातात टोचू लागला. म्हणून मी जरा मीठमसाला लावला. सर म्हणजे सरकारचा फार मोठा माणूस, दिल्लीहून फक्त मला भेटायला आलाय, असं काहीसं सांगितलं. तिथंच घोडचूक झाली.

कारण बाबा आमच्या गावचे पंगतीचे अंदाजी. कुणाचंही लग्न असो, बारसं असो, वरण किती आणि बुंदी किती ते बाबा सांगणार. त्यांच्या हयातीत एकाही पंगतीत अन्न कमी पडलं नव्हतं.

"किती लागते म्हनतं?" त्यांनी विचारलं.

"पाचशे. सुरू होताना हजारापर्यंत."

"म्हंजे हजार पानं. त्यावर पाहुन्याचे पाहुने, पाचशे. बिनबोलावले, पाचशे. घरी डबा नेनारे, हजार. अन् वाढता हात पायजे म्हनून दोन हजार. झाले पाच."

"बाबा, वीज कोनी डब्यात भरून घरी नेत नाही हो!"

"काऊन नाही? अन् एवढ्या मोठ्या मानसासमोर कमी पडली तं नाक कोनाचं जाईन? तुह्यं का माह्यं?"

मी त्यांना वॅट समजावले, बैल समजावला, शेवटी हात जोडले. भिंतीला समजावलं असतं तर विटा तरी हलल्या असत्या. तिसऱ्या दिवशी बाबा मेहकरच्या तंबूच्या सिनेमाचा जनरेटर घेऊन लोणारला हजर! पाच किलोवॅटचं धूड, वजन चार क्विंटल.

सरोवर खोल खड्ड्यात. खाली जायला पायवाट. बारा माणसांनी ते धूड बांबूंना बांधून उतरवलं. दर दहा पावलांवर एक जण घसरायचा, अकरा जण त्याला शिव्या द्यायचे, आणि बाबा पुढून ओरडायचे, "सांभाळून बे, नवरी हाय!" अशी नवरी मी वैऱ्याच्याही घरात देणार नाही.

होडी काठाच्या चिखलात उभी होती. सर पोचायच्या आत बाबांनी नवरी होडीत बसवलीसुद्धा. होडीनं एक उसासा टाकला आणि ती बुडालीही नाही, थेट खाली बसली. तिच्या कडा पाण्याला टेकल्या. सर धावत आले, त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. दृश्य तेच.

"हे काय आहे?"

"होडीच ल्हान आनली तुमी," बाबा शांतपणे म्हणाले.

ते धूड पुन्हा काठावर काढण्यात अर्धी सकाळ गेली. सरांचा चेहरा पाहून मला वखर दिसू लागलं. पण मी बाबांचाच मुलगा. एक किलोवॅटचा जनरेटर गोधडीत गुंडाळून, आजारी माणसासारखा, आधीच खाली आणून ठेवला होता. तो होडीत ठेवला. सर बसले, मी बसलो. आणि "मी नाई तं कोन पाह्यनार?" म्हणून बाबाही बसले.

तळाचा गाळ ढवळू नये म्हणून सरांनी इंजिनाऐवजी शीड आणलं होतं. पण ते सरोवर म्हणजे कढई, आणि कढईच्या तळाशी वारा कुठला? शीड वाळत घातलेल्या धोतरासारखं लोंबत राहिलं. शेवटी मी बांबूनं रेटत होडी मध्यावर नेली. सरांनी नळी पाण्यात सोडली. मी जनरेटर सुरू केला. ठणठणीत चालला. मोटरचं बटण दाबलं, आणि जनरेटर दोनदा खोकून गप.

मागं वळून पाहिलं. दोन्ही दिव्यांची बटणं खाली आणि बाबांचे हात जोडलेले.

"बाबा! दिवे कोनी लावले?"

"मंग? दिवा लावल्याबिगर काम सुरू करतेत का कोठी?"

"आधी मोटर, मग दिवे! किती वेळा सांगितलं?"

"मले नाई सांगितलं. त्याईले सांगितलं," म्हणून त्यांनी सरांकडे बोट केलं.

ते मात्र खरं होतं. मी दिवे बंद केले, जनरेटर पुन्हा सुरू केला, आणि बाबांचा हात पुन्हा बटणाकडे. असं तीनदा झालं. "अंधारात काम सुरू केलं तं यश येत नाई," ते म्हणत; डोक्यावर सूर्य असा की टक्कल असतं तर करपलं असतं. पेट्रोल संपत चाललं होतं, आणि सर घड्याळ न पाहता माझ्याकडे पाहत होते.

मग मी सरांच्या पिशवीतली विजेरी उचलून बाबांच्या हातात दिली. "हा दिवा धरा. विझू देऊ नका. सगळं याच्यावर हाय."

बाबांनी विजेरी लावली, पाण्याला दाखवली, जनरेटरला ओवाळलं आणि दोन्ही हातांनी धरून बसले. त्यांचे हात गुंतले तशी मी मोटर सुरू केली. जनरेटर जरा कण्हला आणि सावरला. नळीतून पाणी आलं. आला तो वास असा की शिडालाही शहारा आला असावा. मग दिवे. सरांनी भिंगाला डोळा लावला आणि एकदम हसले. "आहेत! भरपूर आहेत!"

संध्याकाळपर्यंत सगळ्या बाटल्या भरल्या. काठाला लागल्यावर सरांनी माझी पाठ थोपटली, बाबांच्या देखत. मी वाट पाहत होतो. बाबांनी विजेरी विझवून सरांच्या हातात दिली. मग काठावरच्या त्या धुडाकडे पाहून म्हणाले, "मोठं मशीन डोयासमोर होतं, म्हनून ल्हान्यानं काम केलं. घरात वडील मानूस बसलं असलं की पोट्टे नीट वागतेत. तसं."

माझ्या जिभेवर वॅट, बैल, तिप्पट जोर, सगळं एकदम आलं. मी ते गिळलं.

"मंग दुकान?"

"ठेव दुकान. चालते तुह्यं."

मी त्यांच्या पाया पडलो. उठून पाहतो तर बारा माणसं केव्हाच खड्डा चढून घरी गेली होती.

"बाबा, हे धूड आता वर कोन नेनार?"

बाबांनी धोतर झटकलं, चपला घातल्या आणि पायवाटेला लागले. "दुकानदार तू हायस ना बे? विजेचं काम तुह्यं."