‘साँते’ म्हटलं आणि सोयरीक अडली

फ्रेंच भाषेमुळे वाशीमच्या मुलखात आजवर एकच सोयरीक मोडायला आली, आणि ती माझ्या सख्ख्या बहिणीची होती.

पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. मी नागपूरला कॉलेजात होतो आणि संध्याकाळी हौसेने फ्रेंचच्या वर्गाला जात होतो. (व्याकरण सुरू होईपर्यंत गेलो!) पहिल्याच धड्यात सरांनी ग्लास उंचावून काय म्हणायचं ते शिकवलं. फ्रेंचमध्ये ‘साँते’, जर्मनमध्ये ‘प्रोस्त’, स्पॅनिशमध्ये ‘सालूद’! शिवाय ग्लासाला ग्लास भिडवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, ही तिकडची रीत.

एवढी विद्या घेऊन मी सुट्टीत गावी, किन्हीराजाला आलो, आणि दुसऱ्याच दिवशी इंझोरीचे गुरुजी, त्यांची बायको आणि मुलगा माझ्या धाकट्या बहिणीला, शालूला बघायला आले. मुलगा शिकलेला, शालूच्या मनात भरलेला. गुरुजी मात्र बुद्धाच्या पंचशीलाचे पक्के, गावोगाव दारूबंदीची भाषणं देणारे. बाबांनी मला आधीच बजावलं होतं, “त्याईच्यासमोर जास्त बोलू नको.”

लिंबाचं सरबत आलं आणि माझ्या अंगात वीज संचारली! मी ताडकन उठलो, गुरुजींच्या ग्लासावर माझा ग्लास दणकन आपटला आणि त्यांच्या डोळ्यांत टक लावून ओरडलो, “साँते!” अर्धं सरबत गुरुजींच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडलं.

“हे पोरगं डोये कायले वटारून राह्यलं?” गुरुजींच्या बायकोनं विचारलं.

“काकू, रीत हाय ते! फ्रान्सात पेताना असंच करतात!”

“काय पेताना?” गुरुजी म्हणाले.

इथे थांबायला हवं होतं. पण उत्साह!

“वाईन, गुरुजी! जर्मनीत म्हणतात प्रोस्त! स्पेनात सालूद!”

गुरुजी बाबांकडे वळले. “भाऊ, एका गावची रीत माहीत असती तं समजलो असतो. हा तं देशोदेशीची पेऊन आला!”

बाबा घामाघूम झाले. “नाही जी! भाषा शिकून राह्यला तो. विचारा त्याले, काही बी विचारा!”

“भाकरीले काय म्हणतात?” गुरुजींनी विचारलं. मला येईना. “पाण्याले?” येईना. “मायले?” (हे तरी यायला हवं होतं!)

“म्हंजे भाकर नाही, पाणी नाही, माय नाही. शिकला तं फक्त दारूचं!”

काकूंनी मला दारातल्या उजेडात ओढलं. “हा कर!” मी हा केला. सकाळी कांदा आणि ठेचा हाणला होता. काकू नाकाला पदर लावून मागे सरकल्या, आणि गुरुजी चपला शोधू लागले.

तेवढ्यात शालू तरातरा बाहेर आली. “जी, पेणारा मानूस लपून पेते. असा बोंबलते का? हा येडा हाय, पेणारा नाही!”

तिला हेच घर हवं होतं आणि ते माझ्यामुळे हातचं जात होतं!

गुरुजींनी मला आपादमस्तक न्याहाळलं. “हे पटते,” ते म्हणाले आणि परत बसले. (इतक्या लवकर पटायला नको होतं!)

लग्न इंझोरीला झालं, थाटात झालं. मांडवात सरबत वाटताना माझी पाळी आली आणि काकूंनी वाढणाऱ्याचा हात धरला. त्या दिवशी सगळं वऱ्हाड ग्लासातून सरबत प्यायलं, आणि नवरीचा थोरला, फ्रेंच शिकलेला भाऊ मात्र लेकरांच्या पंगतीत बसून, वाटीतून, चमच्यानं!